आधी जंगल का आधी समुद्र? फेब्रुवारीत टांझानिया आन् झांझिबार एकाच फेरीत जमन का?

बगीचावाली_वरूड

नमस्कार सगळ्यायले. वरूड तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहून राहिली. संत्र्याचा बगीचा आहे आमचा, बाकी वावरात तूर-कपाशी. २०२७ च्या फेब्रुवारीत आमच्या लग्नाले २५ वर्षं होतात, आन् औंदा आंबियाले, म्हंजे संत्र्याच्या आंबिया बहाराले, भाव बरा भेटला तं आम्ही दोघायनं ठरवलं का एकदाच जायचं पण दूर जायचं, आफ्रिकेत.

ह्यायले लहानपणापासून जनावरायचं वेड. रात्र रात्र वावरात रानडुकरं हाकलतात, रोह्यायनं तूर सपाट केली तरी सकाळी घरी येऊन मले पहिले हेच सांगतात का आज कळपात चौदा रोही होते आन् त्यात एक मोठा निळा नर होता. ताडोबा चारदा झालं, मेळघाट तं आमच्या उशालेच आहे, नागझिरा पाहिलं. टीव्हीवर आफ्रिकेतले कळप लागले का ह्यायचा घास हातातच राह्यते.

मले समुद्र पाहिजे. मी समुद्र दोनदाच पाहिला. एकदा सासऱ्यायच्या दवाखान्यासाठी मुंबईले गेलो होतो तेव्हा चौपाटीवर अर्धा तास, आन् एकदा गणपतीपुळ्याले बसच्या ट्रिपसंग, पन्नास माणसं आन् चला चला बस सुटते. मले असा किनारा पाहिजे जिथं गाणं वाजत नाही, कोणी फोटो काढा म्हणून मागं लागत नाही, आन् पाण्यात पाय सोडून चार दिवस बसता येते. पोहता येत नाही मले हे पण सांगून ठेवते.

नागपूरच्या एका टूरवाल्यानं ९ दिवसाचा कागद देला, त्यात पाच जंगलं आन् शेवटी झांझिबार दोन रात्री. कागद पाहूनच मले थकवा आला. म्हणून इचारते का आधी जंगल करावं का आधी समुद्र, किती किती दिवस द्यावे, आन् झांझिबारात खरंच शांत जागा आहे का तिथं पण गर्दीच? आंबिया डिसेंबरपर्यंत तुटून जाते, जानेवारीत ताण तोडून पाणी सुरू केलं का मंग १०-१२ दिवस दीर-जाऊ पाहून घेतात, म्हणून फेब्रुवारीच जमते, त्याच्या मागंपुढं नाही. फेब्रुवारीत तिकडं जाणं बरोबर आहे का तेही सांगजा.

आर्वीचा_मास्तर

ताई, आधी अभिनंदन. आम्ही नवरा-बायको दोन वर्षांआधी फेब्रुवारीतच गेलो होतो, रिटायरमेंटचे पैसे आले तेव्हा. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी छातीठोक देतो, आधी जंगल, मंग समुद्र. आम्ही उलटं केलं होतं कारण विमानाचं तिकीट तसं स्वस्त भेटलं. झांझिबारात तीन दिवस अंग सैल पडलं, दुपारी झोप, संध्याकाळी वाळूत फिरणं, आन् चौथ्या दिवशी एकदम पहाटे साडेपाचले उठून जीपमध्ये दहा तास. सफारी म्हंजे मेहनतीचं काम आहे. रस्ते कच्चे, धूळ नाकातोंडात, पाठ हलून निघते, आन् ते सगळं झाल्यावर लगेच विमानात बसून घरी. बायको आजही म्हणते का धूळ घेऊनच घरी आलो आपण. जंगलातून समुद्रावर गेलं तं शरीर आपोआप खाली उतरते, थकवा तिथं निघतो.

दुसरं, पाच जंगलं नका करू. तुमच्या ह्यायले जनावरं आवडतात तं त्यायले गाडीत बसून एका गेटावरून दुसऱ्या गेटावर नेण्यात काय मतलब. फेब्रुवारीत लाखो वाइल्डबीस्ट, म्हंजे तिकडचे बैलासारखे दिसणारे हरणं, सेरेंगेटी जंगलाच्या दक्षिणेले, एनदुतु नावाच्या भागात असतात, थे त्यायची पिल्लं देण्याची वेळ आहे. म्हणून मी असं करीन: अरुशा शहरात एक रात्र, तारंगिरेच्या जंगलात एक रात्र, तिथं हत्ती आन् मोठेमोठे गोरखचिंचेचे झाडं, मंग एनदुतुले किमान दोन रात्री, जमलं तं तीन, मंग एन्गोरोंगोरोच्या काठावर एक रात्र, सकाळी खाली उतरून दिवसभर पाहून बाहेर. अरुशाहून छोट्या विमानानं झांझिबार सव्वा-दीड तासात. जिथं पिल्लं पडून राहिले तिथंच दोन दिवस बसा, सिंह, चित्ते, तरस सगळे तिथंच येतात, त्यायच्या मागं धावा लागत नाही.

एन्गोरोंगोरोचं थोडं सांगतो कारण आपल्या विदर्भाच्या माणसाले ते लवकर समजते. आपलं लोणार उल्केनं झालं, साधारण १.८ किलोमीटर रुंद. हे ज्वालामुखीचं तोंड आहे, डोंगर आतमध्ये खचून झालेलं, साधारण १९ किलोमीटर रुंद आन् ६०० मीटर खोल, आन् त्याच्या बुडाले सिंह, गेंडे, हत्ती, झेब्रे सगळे राह्यतात. काठावर उभं राहून खाली पाह्यलं तं हत्ती मुंगीएवढे दिसतात, मी तिथं दहा मिनिटं बोललोच नाही. जिराफ मात्र आत नाही, त्याले उतार उतरवत नाही असं आमचा ड्रायव्हर म्हणे. काठ समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरच्या वर आहे म्हणून पहाटे लय थंडी, चिखलदऱ्यापेक्षा जास्त. आफ्रिका म्हंजे ऊन म्हणून लोक स्वेटर नेत नाहीत, तुम्ही न्या.

सामानाचं ध्यानात ठेवा. छोट्या विमानात बहुतेक ठिकाणी १५ किलोच चालते आन् बॅग कापडाची, मऊ पाहिजे. एका विमान कंपनीच्या काउंटरवर माझी कडक चाकाची बॅग मागं ठेवायले लावली, ती दुसऱ्या दिवशी पोचली, तोवर मी एकाच शर्टावर.

पुसदचा_दारमध्ये

ताई नमस्कार. मूळ पुसदचा, नोकरीसाठी दार एस सलाममध्ये ९ वर्षं झाले. झांझिबार माझ्या इथून जहाजानं दोन तास, त्यामुळे गर्दीचं आणि शांततेचं मी नीट सांगू शकतो.

मास्तर म्हणतात तोच क्रम ठेवा. आता झांझिबारची खरी गोष्ट, जी टूरवाले सांगत नाहीत. तिथं पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे पाजे, जांबियानी, मातेम्वे इकडे, ओहोटी लागली की समुद्र जातो. म्हणजे अक्षरशः निघून जातो, अर्धा-एक किलोमीटर आत, आणि समोर ओली वाळू, दगड, शेवाळ. लोक फोटोतलं निळं पाणी पाहून येतात, सकाळी दार उघडतात आणि पाणीच नाही, मग नाराज होतात. इथं भरती-ओहोटीत साडेतीन-चार मीटरचा फरक पडतो उधाणाच्या दिवशी. उत्तरेला नुंगवी आणि केंड्वाला पाणी एवढं हटत नाही, पोहणारे म्हणून तिकडे जातात, पण गाणी, बार, मोठी हॉटेलं, गर्दी सगळी पण तिकडेच. तुम्हाला पोहायचं नाही, शांतता पाहिजे, तुम्ही जांबियानीला जा. किंवा मिचाम्वीला, तिथं एका बाजूला पूर्वेचा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला मावळतीचा, म्हणजे संध्याकाळ पण पाण्यावर दिसते.

आणि ह्यात आपलं पंचांग कामाला येतं. उधाण अमावस्या-पौर्णिमेला, अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी दोन्ही कमी, कोकणात त्याला भांग म्हणतात. २०२७ ला ६ फेब्रुवारीला अमावस्या आहे आणि १३ तारखेला रथसप्तमी. म्हणजे तुम्ही ५ ला मुंबईहून निघालात, ६ ते ११ जंगलात, आणि ११ ते १५ झांझिबार केलं तर सप्तमी-अष्टमी बेटावर येते, पाणी कमी हटेल, ओढ पण कमी, पोहता न येणाऱ्या माणसाला बसायला एकदम बरोबर. आणि अमावस्येची रात्र तुमची जंगलाकडे जाते, तिथं दिवे नाहीत, एनदुतुच्या आभाळात तारे कसे दिसतात ते मी सांगत नाही, तुम्हीच पाहा. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, हॉटेलात गेल्या गेल्या आधी ओहोटीचा तक्ता मागून घ्या.

आता एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. ओहोटीच्या वेळी खोलीत बसू नका. त्या उघड्या पडलेल्या समुद्रात जांबियानी-पाजेच्या बाया शेती करतात. खोटं सांगत नाही, समुद्रातली शेती. छोट्या खुंट्या रोवलेल्या असतात, दोन खुंट्यांना दोरी बांधलेली, दोरीला समुद्री शेवाळाचे तुकडे बांधतात, आणि पाच-सहा आठवड्यांनी तोडा. ह्याला स्वाहिलीत म्वानी म्हणतात. १९८० च्या दशकाच्या शेवटी हे सुरू झालं, बहुतेक सगळं बायाच करतात, घरात त्यांच्या हातात पहिल्यांदा पैसा आला तो ह्याच्यातून. गेल्या काही वर्षांत पाणी तापायला लागल्यामुळे जास्त भावाची जात नीट टिकत नाही, मरते, रोग पडतो, म्हणून त्या बाया आता साबण वगैरे बनवून किंमत वाढवतात. भाव व्यापारी ठरवतो, माल पाण्यात आणि डोळे आभाळाकडे. ताई तुम्ही बगीचा सांभाळता, तुम्हाला त्यांच्याशी बोलायला दुभाष्या कमीच लागेल. पायात जाड तळाचे पाण्यातले बूट घाला, काटेरी समुद्री साळिंदरं असतात दगडात, पायात काटा गेला तर दोन दिवस वाया.

माफिया बेट पण कोणी सुचवेल. शांत आहेच, झांझिबारपेक्षा खूप शांत, १९९५ पासून तिथं सागरी संरक्षित क्षेत्र आहे, ऑक्टोबर ते फेब्रुवारी-मार्च व्हेल शार्क दिसतो. पण तिथली मजा पाण्याखाली आहे, वाळूचा लांब किनारा कमी, तिवरं जास्त. पोहत नसाल तर झांझिबारच.

कागदपत्रं: टांझानियाचा ई-व्हिसा ५० डॉलर, तोच झांझिबारला चालतो. पण झांझिबारसाठी वेगळा सरकारी विमा घ्यावाच लागतो, १ ऑक्टोबर २०२४ पासून, माणशी ४४ डॉलर, तुमच्याकडे दुसरा कुठला विमा असला तरी. विम्याला इथं बीमाच म्हणतात, गाडीला गारी, दुकानाला दुका, पैशाला पेसा, चपातीला चपाती. पहिल्या दिवशीच तुम्हाला घरच्यासारखं वाटेल. प्लॅस्टिकची कॅरीबॅग आणू नका, २०१९ पासून बंदी आहे, साड्या-कपडे कापडी पिशवीत घाला.

मोहर्ली_गेट

ताई मी ताडोबाले मोहर्ली गेटवर गाईड आहे. आमच्या एका पाहुण्यानं मले दोन वर्षांआधी सोबत नेलं होतं एनदुतुले, सहा दिवस, फक्त जंगल. भाऊसाहेबायले जनावरायचं वेड आहे म्हणता म्हणून त्यायच्यासाठी लिहितो.

आपल्याकडं जंगल ऐकायचं असते. चितळ ओरडला, वानर खाकरलं, पगमार्क कोणत्या बाजूले गेला, तेवढ्यावर वाघ काढतो आम्ही. तिकडं पाह्यचं असते, मैदान एवढं उघडं का दोन किलोमीटरवरचा सिंह दुर्बिणीनं दिसते. मले पहिला दिवस तं काही सुचलंच नाही, नजर कुठं ठेवावी. मंग तिथल्या ड्रायव्हरनं सांगितलं का जनावर कुठं पाहून राहिलं ते पाह्य. शंभर झेब्रे एका बाजूले तोंड करून उभे असले तं तिकडं काहीतरी आहेच. म्हणून दुर्बीण दोन न्या, एक दोघात पुरत नाही, ८ बाय ४२ ची चांगली.

ते कळप तिथंच कायले येतात हे मी लय इचारलं. माती आहे कारण. जुन्या ज्वालामुखीची राख पडलेली जमीन, खाली कडक थर, झाडाची मुळं जात नाहीत म्हणून नुसतं बुटकं गवत, पण त्या गवतात कॅल्शियम, फॉस्फरस भरपूर, दूध देणाऱ्या माद्यांले तेच लागते. आन् गवत बुटकं म्हणून दूरवरून येणारा सिंह दिसते. तेरा-चौदा लाख वाइल्डबीस्ट आन् दोन-तीन आठवड्यात लाखो पिल्लं, पिल्लू पडल्यावर पाच-सात मिनिटात उभं राह्यते आन् मायच्या मागं धावते. मी पाह्यलं एक. पडलं, उठलं, परत पडलं, तिसऱ्यांदा उठलं आन् पळालं. तिथं आमच्या गाडीतलं कोणीच बोललं नाही.

सेरेंगेटीच्या पश्चिमेकडं आन् केनियात बऱ्याच ठिकाणी आपल्यासारखी काळी भेगाळ माती आहे, तिकडचे लोक तिले कापसाची काळी मातीच म्हणतात. पाऊस आला का गाडी फसते, आपल्या पांदण रस्त्यावर फसते तशीच.

एक फरक ध्यानात ठेवा, ताडोब्यात सकाळची एक पाळी, दुपारची एक, मंगळवारी बंद. तिकडं सकाळी सहाले निघालं का जेवणाचा डब्बा गाडीतच, संध्याकाळी परत. गाडी फक्त तुमच्या दोघायची घेतली तं जिथं बसायचं तिथं बसता येते, शेअरच्या गाडीत बाकीच्यायले घाई असते. पैसे कुठं वाचवायचे असले तं हॉटेलात वाचवा, गाडीत नाही. निळे आन् काळे कपडे घालू नका, त्सेत्से माशी त्याच रंगावर येते, तारंगिरेले जास्त. खाकी, मातकट, फिकट हिरवं घाला.

यवतमाळ_बॅगपॅक

थोडा वेगळा पर्याय देतो, खर्च कमी करायचा असेल तर केनिया पहा. मुंबई-नैरोबी थेट विमान, आंबोसेलीच्या जंगलात हत्ती आणि मागे किलिमांजारो डोंगर, मग त्सावोचं जंगल, आणि नैरोबी-मोंबासा रेल्वे २०१७ पासून चालू आहे, पाच-सहा तास, रेल्वे त्सावोच्या मधून जाते, खिडकीतून हत्ती दिसतात. शेवटी डियानी बीच, पांढरी वाळू लांबच लांब. आतल्या विमानांचा पूर्ण खर्च वाचतो. आम्ही चार मित्रांनी असंच केलं आणि लय भारी झालं.

आर्वीचा_मास्तर

बॅगपॅक भाऊ, रेल्वेची कल्पना चांगलीच आहे आन् तरुण पोरांनी हेच करावं. पण ताईच्या ह्यायले कळप पाह्यचे आहेत आन् फेब्रुवारीत थे कळप केनियातल्या मसाई माराच्या जंगलात नसतात, दक्षिणेले टांझानियात असतात. डियानी पण बेट नाही, मोठ्या हॉटेलायची रांग आहे. २५ वर्षांनी एकदा निघून राहिले थे, ज्याच्यासाठी निघाले तेच पाहून यावं.

बगीचावाली_वरूड

सगळ्यायचे लय लय आभार. ह्यायले वाचून दाखवलं, पिल्लू तिसऱ्यांदा उठलं तिथं थांबवलं आन् परत वाचायले लावलं. पंचांगाचं तं मी सासूबाईले सांगितलं, त्यायनं लगेच रथसप्तमी काढून पाहिली.

आता तीन गोष्टी राहिल्या. लस कोणती, गोळ्या कोणत्या. आम्ही दोघंही शुद्ध शाकाहारी, अंडं पण नाही, तिथं काय खावं. आन् दोघायचा मिळून एकूण खर्च किती धरून चालावा, मोकळं सांगजा.

डॉक्टरताई_परतवाडा

नमस्कार. लसीचं मी सांगते, पण शेवटचा निर्णय तुमच्या डॉक्टरांना तब्येत दाखवूनच घ्या.

पिवळ्या तापाची, म्हणजे यलो फीवरची लस घ्याच. तुमचं विमान नैरोबी किंवा अदिस अबाबा मार्गे जाण्याची शक्यता मोठी आहे, आणि केनिया-इथिओपिया हे दोन्ही देश भारत सरकारच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहेत. लसीचं कार्ड नसेल तर परतताना विमानतळावर ६ दिवस वेगळं ठेवू शकतात. ही लस साध्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि तारीख घ्यावी लागते, म्हणून डिसेंबरमध्येच उरकून टाका. घेतल्यावर १० दिवसांनी कार्ड लागू होतं, आणि एकदा घेतली की आयुष्यभर चालतं. अंड्याची ॲलर्जी असेल, वय ६० च्या वर असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर आधी सांगा.

मलेरियासाठी गोळ्या घ्या, हे टाळू नका. आपल्याकडे मलेरिया पाहिलेला असतो म्हणून लोक सहज घेतात, पण तिकडचा फाल्सिपेरम जातीचा असतो, तो डोक्यात जातो. डॉक्सिसायक्लिन स्वस्त आहे, रोज एक, पण परत आल्यावर ४ आठवडे चालू ठेवावी लागते आणि तिने उन्हाचा त्रास वाढतो, समुद्रावर बसणाऱ्या बाईला मी ती सहसा देत नाही. दुसरी ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, महाग, पण परतल्यावर ७ दिवसच. परत आल्यावर महिन्याभरात, अगदी दोन-तीन महिन्यांनी सुद्धा ताप आला तर डॉक्टरांना आफ्रिकेत जाऊन आलो हे पहिल्या वाक्यात सांगा. आपल्याकडे तापाला आधी डेंग्यू-टायफॉइड समजतात आणि दिवस निघून जातात, ते मला अजिबात नको आहे.

आर्वीचा_मास्तर

खर्चाचं मोकळं सांगतो. आम्हा दोघायचा सगळा मिळून सहा लाखाच्या थोडा आत झाला, फक्त आमची गाडी, मध्यम कॅम्प, झांझिबारात साधं हॉटेल. लोक इचारतात एवढं कायले लागते, तं जंगलाची फी पाहा, सेरेंगेटीची माणशी २४ तासाले ७० डॉलर, वर १८ टक्के कर. एन्गोरोंगोरोची ६० वर कर, आन् खाली खड्ड्यात उतरायचे गाडीले वेगळे २५० डॉलर वर कर. हे पैसे कोणतीच कंपनी वाचवू शकत नाही. म्हणून कोणी फारच स्वस्त सांगितलं तं फी धरली का नाही, क्रेटरची, म्हंजे त्या खड्ड्याची, गाडीची फी धरली का नाही, हे लिहून मागा. एनदुतु हे एन्गोरोंगोरोच्याच हद्दीत येते, त्यामुळे तुमच्या मार्गात सेरेंगेटीची फी एकाच दिवसाची लागन किंवा लागणारही नाही, हे त्यायले इचारा, तिथं बरेच पैसे वाचतात. डॉलरच्या नोटा नवीन न्या, २००९ च्या आधीच्या छापाच्या घेत नाहीत, आन् फाटलेली-लिहिलेली नोट तं बिलकुल नाही.

पुसदचा_दारमध्ये

खाण्याचं टेन्शन घेऊ नका. अरुशा, दार, झांझिबारचं जुनं शहर स्टोन टाऊन तिन्हीकडे गुजराती लोक शंभर-दीडशे वर्षांपासून आहेत, शाकाहारी जेवण मिळतं. खेड्यात सुद्धा नारळाच्या दुधातलं राजम्यासारखं, त्याला महारागे म्हणतात, सोबत चपाती किंवा भात. म्चिचा नावाची पालेभाजी मिळते, ती आपली चवळाईच समजा. फक्त अंडं नको हे वेगळं सांगा, कारण त्यांच्या हिशेबात शाकाहारी माणूस अंडं खातो, आणि सफारीच्या डब्यात उकडलेलं अंडं हमखास असतं. बुकिंग करताना लिहून द्या आणि कॅम्पवर पोचल्यावर स्वयंपाक्याला तोंडी परत सांगा.

अजून एक, २०२७ चा रमजान ८ फेब्रुवारीच्या आसपास सुरू होतो, म्हणजे तुमचे झांझिबारचे सगळे दिवस त्यात येतात. झांझिबारात जवळजवळ सगळे मुसलमान आहेत. हॉटेलात जेवण नेहमीसारखं मिळतं, पण दिवसा रस्त्यावर, गावात उघड्यावर खाऊ-पिऊ नका, पाणी पण आडोशाला प्या. अंगभर कपडे घाला, तुमची साडी किंवा पंजाबी ड्रेस एकदम योग्य. ह्याचा तुम्हाला फायदाच आहे, त्या महिन्यात गाण्याबजावण्याची गर्दी अजून कमी होते, आणि संध्याकाळी रोजा सुटायच्या वेळी गावात भजी, समोसे, खजूर, उसाचा रस, काय वास सुटतो. तेव्हा गावातून चालत जा.

बगीचावाली_वरूड

ठरलं मंग. ५ फेब्रुवारीले मुंबईहून निघायचं, तारंगिरे एक, एनदुतु तीन रात्री, क्रेटर एक, आन् जांबियानीले चार रात्री. नागपूरवाल्याले पाच जंगलायचा कागद वापस देला. ह्यायनं दुर्बीण आजच पाहून ठेवली. मी जांबियानीच्या त्या बायांसाठी इथून काही नेऊ का हा इचार करून राहिली. आमच्याकडची जवसाची चटणी आन् संत्र्याची बर्फी नेता येईन का, का विमानतळावर काढून घेतात?

पुसदचा_दारमध्ये

चटणी आणि बर्फी दोन्ही चालतात ताई, सीलबंद पाकीट पाहिजे आणि चेक-इनच्या बॅगेत. ताजी फळं, रोपं, बिया आणू नका, संत्री तर नाहीच. बर्फी जास्तीची आणा, जांबियानीला पोचाल तेव्हा रोजे चालू असतील, संध्याकाळी मगरिबच्या नमाजनंतर द्या. आणि म्वानीच्या शेतात जायचं असेल तर ओहोटीच्या एक तास आधी किनाऱ्यावर उभं राहा, बाया डोक्यावर दोऱ्या घेऊन त्याच वेळी निघतात.